कुठली नळी कुठे

माझी बायको डेल्फिन गेल्यानंतर अठराव्या दिवशी मी गॅरेज झाडलं आणि तिच्या गाडीच्या जुन्या नळ्या कचऱ्यात टाकल्या. त्या गाडीच्या नळ्या आहेत हे मला माहीत नव्हतं. एका खोक्यात काळ्या, कडक झालेल्या रबराचे तुकडे होते, काही बोटभर, काही हातभर. मला वाटलं, फेकायचं सामान आहे आणि तिला वेळ मिळाला नाही. मंगळवारी कचऱ्याची गाडी आली आणि घेऊन गेली.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

गाडी म्हणजे एकोणसत्तर सालची जीटीओ. हिरवी, दोन दारांची, पुढचे दिवे झाकणांच्या आड असलेली. दिवे लावले की झाकणं वर जातात, बंद केले की खाली येतात. डेल्फिनने ती बावीस वर्षांपूर्वी फ्लशिंगजवळच्या एका कोठारातून आणली. इंजिन दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचं मिळवलं आणि स्वतः बांधलं. एकतीस वर्षं ती सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होती. बाई बघून गिऱ्हाईक विचारायचं, “इथं कुणी माहीतगार आहे का?” ती म्हणायची, “आहे ना. सकाळपासून तुमच्यासमोर उभी आहे.”

मी टपाल वाटायचो. मिशिगनमधल्या ओवोसो गावात चौतीस वर्षं, बहुतेक पायी. गाडीच्या कामात माझं काम एवढंच होतं की ती सांगेल तेव्हा ब्रेक दाबायचा आणि ती सांगेल तेव्हा सोडायचा. मध्ये काही विचारलं तर ती म्हणायची, “रोमन, तू छान दाबतोस. तेवढंच कर.”

जुन्या गाड्यांच्या आमच्या क्लबात एक रीत आहे. मेच्या पहिल्या गुरुवारी हिवाळाभर झाकून ठेवलेल्या जुन्या गाड्या बाहेर पडतात आणि ओळीने गावातून जातात. त्या वर्षात क्लबातलं कुणी गेलं असेल तर त्याची गाडी सगळ्यांच्या पुढे. चालवायची घरच्याच माणसाने. उजेड असला तरी दिवे लावून. आणि गाडी स्वतःच्या चाकांवर आली पाहिजे. ट्रेलरवर चढवून आणलेली चालत नाही. वाटेत बंद पडली तर बाजूला घ्यायची आणि मागचा पुढे जातो. गाडी येऊच शकली नाही तर ओळीच्या पुढे एका गाडीएवढी जागा मोकळी सोडतात. मी ती मोकळी जागा एकदा पाहिली आहे. लोक फुटपाथवरून बघत होते आणि पहिल्या गाडीच्या पुढे नुसता रस्ता होता. डेल्फिनसाठी मला तसं नको होतं.

मार्चच्या शेवटी क्लबातला एलरॉय टॅकेट गाडी बघायला आला. एलरॉयचे वडील केंटकीहून इथल्या कारखान्यात आले होते, आणि तो स्वतः सत्तर वर्षं मिशिगनमध्ये राहूनही पाहुण्यासारखा दार वाजवून उभा राहतो. त्याने बॉनेट उघडलं आणि वाकून आत बघितलं.

“नळ्या कुठायत?” तो म्हणाला.

“कसल्या नळ्या?”

“व्हॅक्यूमच्या. रोमन, हे सगळं उघडं आहे. एकही नळी नाही.”

भिंतीवर खिळ्याला नव्या रबरी नळीची गुंडाळी टांगलेली होती, अजून न कापलेली. नोव्हेंबरमध्ये डेल्फिनने जुन्या नळ्या काढल्या होत्या, कारण त्या वाळून चिरल्या होत्या. थंडी कमी झाली की नव्या घालणार होती. फेब्रुवारीत दुकानात रांगेत उभी असताना ती खाली पडली ती उठली नाही.

“जुन्या तिने ठेवल्या असतील,” एलरॉय म्हणाला. “माप घ्यायला ठेवतातच.”

मी त्याला खोक्याचं सांगितलं.

त्याने टोपी काढली आणि परत घातली. “लेका, तू घरातला नकाशा जाळलास.”

“पुस्तकात असेल की.”

“पुस्तकातली गाडी वेगळी आणि ही वेगळी. पुस्तक आहे एकोणसत्तरचं, इंजिन आहे कुठल्या सालचं कुणास ठाऊक. कार्ब्युरेटर तिसऱ्याचा. डेल्फिनने सगळं डोक्यात ठेवलं होतं.”

व्हॅक्यूम म्हणजे काय ते मला त्या आठवड्यात समजलं, बावीस वर्षं त्या गाडीत बसल्यावर. इंजिन चालू असलं की ते हवा आत ओढतं. ती ओढ फुकट मिळते म्हणून त्या काळी गाडी बनवणाऱ्यांनी तिच्याकडून कामं करून घेतली. ब्रेकला जोर द्यायचा, गिअर बदलताना मदत करायची, हीटरची झडप फिरवायची, दिव्यांची झाकणं उचलायची. इंजिनापासून त्या त्या ठिकाणी पेन्सिलीएवढ्या नळ्या जातात. एक जरी चुकीच्या ठिकाणी लागली किंवा उघडी राहिली तर इंजिन अडखळतं, दिवे उघडत नाहीत.

डेल्फिनच्या इंजिनावर नळी लावायची अकरा तोंडं होती. मी मोजली. कुठल्यांना नळ्या होत्या आणि कुठली टोपी घालून बंद केलेली होती ते कुणालाच माहीत नव्हतं. कारण डेल्फिन बॉनेट उघडत नसे. गुरुवारी ड्राइव्ह-इन खाणावळीच्या आवारात सगळे बॉनेट उघडून खुर्च्या टाकून बसायचे आणि एकमेकांची इंजिनं बघत फिरायचे. हिचं एकटीचं बंद. कुणी विचारलं तर म्हणायची, “जेवायला बोलावलंय, माझं स्वयंपाकघर बघायला नाही.”

ती असं का करायची ते मला माहीत होतं. क्लबात एक भांडण आहे. एका बाजूला एलरॉय आणि दुसऱ्या बाजूला नॉर्बर्ट केसलर, ज्याला सगळे नॉर्ब म्हणतात. बाकीचे यांच्या नाहीतर त्यांच्या मागे. भांडण एका नळीचं आहे. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते ठरवणारा एक भाग असतो, डिस्ट्रिब्युटर. त्याच्या नळीत ओढ आली की ठिणगी जरा आधी पडते. प्रश्न एवढाच की गाडी नुसती उभी असताना त्या नळीत ओढ असावी की नसावी. एलरॉय म्हणतो नसावी, आणि नळी कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या, वरच्या तोंडाला लावतो, जिथे पेडल दाबल्यावरच ओढ येते. नॉर्ब म्हणतो असलीच पाहिजे, आणि खालच्या तोंडाला लावतो, जिथे ती कायम असते. यावरून ते दोघं एकमेकांच्या घरच्या लग्नांनाही वेगळ्या टेबलावर बसले आहेत. डेल्फिन कुणाच्या बाजूची हे दोघांनाही जाणून घ्यायचं होतं, कारण तिचं इंजिन सगळ्यात चांगलं चालायचं.

“मी शनिवारी येऊन सगळं लावून देतो,” एलरॉय म्हणाला. “दोन तासांचं काम.”

“ती एक नळी कुठे लावशील?”

“जिथे लावायची तिथे.”

दुसऱ्या दिवशी चर्चच्या तळघरात पत्ते खेळताना नॉर्बने मला गाठलं. नॉर्ब उंच आहे आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. “एलरॉयला हात लावू देऊ नकोस. मी लावतो. डेल्फिन माझ्यासारखीच लावायची, शंका नको.”

“तू बघितलंस?”

“बघायला कशाला पाहिजे? गाडीचा आवाज ऐकला की कळतं.”

“एलरॉयही तेच म्हणतो.”

“एलरॉयला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

मी दोघांनाही नको म्हणालो. ते मला वेडा समजले असतील. पण मला कळत होतं की एलरॉयने लावली तर डेल्फिन कायमची एलरॉयची होईल, आणि नॉर्बने लावली तर नॉर्बची. पहिल्या गुरुवारी तिची गाडी पुढे जाईल आणि मागे बसून दोघांपैकी एक म्हणेल, बघा, मी सांगत होतो. ती असताना हे कुणाला म्हणता आलं नाही. ती गेल्यावर का म्हणू द्यायचं? गाडी तिने ठेवली होती तशीच जायला हवी होती. आणि खरं सांगायचं तर मलाही कळायला हवं होतं. मी तिच्याशी सत्तेचाळीस वर्षं संसार केला आणि ती ही एक नळी कुठे लावायची ते मला माहीत नव्हतं. एकदा हा प्रश्न डोक्यात आला की जाईना.

सकाळी न्याहरी झाली की मी गॅरेजात जायचो. तिथे तिचे वाचायचे चष्मे पाच ठिकाणी होते. मी त्यातलाच एक लावायचो. नंबर थोडा वेगळा होता, पण जवळचं दिसायचं.

पहिले चार दिवस मी नुसतं बघितलं. टपालात मी एक गोष्ट शिकलो होतो. नव्या वाटेवर जुना पोस्टमन सांगायला नसेल तर पत्त्यांवर विश्वास ठेवायचा नाही, वापरावर ठेवायचा. कुठल्या पायरीवर पाय पडून रंग गेला आहे, कुठल्या पेटीचं झाकण चकचकीत आहे, कुठल्या फाटकापाशी गवत मेलं आहे. माणसं जिथून जातात तिथे खूण राहते. रबरही राहत असणार.

ते राहिलेलं होतं. इंजिनाच्या निळ्या रंगावर तेल आणि धूळ बसून काळपट थर झाला होता, पण काही ठिकाणी त्या थरात बारीक स्वच्छ पट्टे होते. तिथे नळी टेकलेली असायची. मी टॉर्च आडवा धरला की ते दिसायचे. एक पट्टा उजवीकडून मागे ब्रेकच्या डब्याकडे जात होता. एक खाली गिअरबॉक्सकडे. एक पुढे डाव्या चाकाच्या वर, जिथे दिव्यांसाठी ओढ साठवून ठेवायची टाकी आहे. मी दिनदर्शिकेचं मार्चचं पान फाडलं आणि मागे सगळं काढलं. पट्टे म्हणजे रस्ते, तोंडं म्हणजे घरं. इंजिन म्हणजे टपाल कचेरी, कारण सगळं तिथून निघतं.

मग तोंडं. ज्या तोंडावर वर्षानुवर्षं नळी घट्ट बसलेली असते त्याच्या बुडाशी एक कडं उमटतं. टोपी घातलेल्याला तसं नसतं. टोपी आखूड असते आणि कडं वरच राहतं. अकरांपैकी चारांवर टोपीची खूण होती. सात उरली.

त्या सातांपैकी पाच मी दोन दिवसांत जुळवली. उरलेली दोन म्हणजे भांडणाचीच. वरचं तोंड आणि खालचं तोंड. दोन्हींच्या बुडाशी नळीचं कडं होतं, आणि दोन्ही सारखीच जुनी.

मी खुर्ची आणून त्यांच्यासमोर बसलो. डिस्ट्रिब्युटरला नळी एकच लागते. दोन तोंडांना नळ्या कशाला? ती अधूनमधून बदलायची का? ज्या गुरुवारी एलरॉय समोर बसेल तेव्हा एक आणि नॉर्ब असेल तेव्हा दुसरी? तिला असला खोडकरपणा जमला असता. पण ती इंजिनाशी खोडकरपणा करणारी नव्हती, माणसांशीच करायची.

मी नॉर्बला बोलावलं. लावायला नाही, फक्त शिकवायला. त्याने माझं दिनदर्शिकेचं पान बघितलं आणि शिट्टी वाजवली.

“हे तू काढलंस?”

“हो.”

“पोस्टात फुकट गेलास रे.”

त्याच्या सांगण्यावरून मी ठरलेल्या पाच नळ्या कापल्या. टोकं गरम कॉफीत बुडवून मऊ केली आणि बसवल्या. मग इंजिन चालू केलं. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. ते खोकलं आणि मग धरलं. मी त्या आवाजासाठी तयार नव्हतो. मी बाहेर जाऊन जरा उभा राहिलो आणि परत आलो. नॉर्ब हत्यारांच्या कपाटाकडे तोंड करून पाने बघत होता, जणू त्याने पाने कधी पाहिलेच नव्हते.

“अंगठा लाव,” तो म्हणाला. “आधी खालच्या तोंडावर.”

मी लावला. अंगठा आत ओढला गेला.

“ते माझं. आता वरच्यावर.”

काहीच नाही. हवा जराशीही हलत नव्हती. नॉर्बने पेडलची तार हाताने ओढली, इंजिन गरजलं, आणि तेव्हा अंगठा ओढला गेला. त्याने तार सोडली, ओढ गेली.

“ते एलरॉयचं,” तो म्हणाला. “काम नसताना झोपणारं. उभ्या गाडीत ठिणगी उशिरा पडते आणि इंजिन तापतं. माझ्या नळीने ठिणगी आधी पडते, इंजिन भरभर चालतं, पंखा जोरात फिरतो. एकोणीसशे सत्याऐंशीपासून सांगतोय मी त्याला.”

“मग ती दोन्ही का वापरायची?”

“नाही वापरायची. कधीतरी आधीच्या मालकाने वापरलं असेल.”

“इंजिन तिने उघडून धुतलं होतं, नॉर्ब. रंग तिचा आहे. रंगावरची खूण तिच्या नंतरचीच असणार.”

नॉर्बने त्या रंगावरून बोट फिरवून बघितलं आणि मान डोलावली.

तो गेल्यावर मी त्या दोन तोंडांपासून निघणाऱ्या पट्ट्यांच्या मागे गेलो. दोन्ही पट्टे डिस्ट्रिब्युटरकडे जातच नव्हते. दोन्ही पुढे जात होते, जिथे इंजिनाचं गरम पाणी रेडिएटरकडे निघतं. तिथे हवेच्या मोठ्या गोल डब्याच्या सावलीत एक पितळी तुकडा बसवलेला होता, अक्रोडाएवढा. त्याला तीन तोंडं, एकाखाली एक. तेल पुसलं तेव्हा प्रत्येकापाशी एक एक अक्षर दिसलं. डी, सी, एम. मी चौतीस वर्षं अक्षरं बघूनच घरं शोधली आहेत. मला फार बरं वाटलं.

सी म्हणजे कार्ब्युरेटर, वरचं तोंड. एम म्हणजे मॅनिफोल्ड, इंजिनात हवा नेणारं नळकांडं, ते खालचं. डी म्हणजे डिस्ट्रिब्युटर. तिन्ही तोंडांना नळीचं कडं होतं. म्हणजे वरची आणि खालची दोन्ही ओढ इथे येत होती, आणि इथून एक नळी डिस्ट्रिब्युटरकडे जात होती. मी छोटी नळी लावून तोंडाने फुंकून बघितलं. सीमधून फुंकलं की डीमधून हवा यायची. एममधून फुंकलं की कुठूनच येत नव्हती. गच्च बंद.

मग बंद दाराला ती रोज टपाल का नेत होती?

त्या गुरुवारी ड्राइव्ह-इनवर मी दोघांना एकाच टेबलावर बसवलं. सॉसेजचे पाव आले. मी पितळी तुकड्याचं चित्र मध्ये ठेवलं.

“अरे, हा वॉल्व्ह!” एलरॉय म्हणाला. “हा त्या वेळी काही गाड्यांना यायचा. पाणी फार तापलं की आतून उघडतो. एरवी माझी नळी, तापलं की याची.”

“म्हणजे कारखान्यालाही माहीत होतं की तुझी नळी गाडी तापवते,” नॉर्ब म्हणाला.

“कारखान्याला हेही माहीत होतं की तुझी रोज लागत नाही.”

“मग झालं तर,” मी म्हणालो. “तिने हाच ठेवला असेल.”

आणि मग ते दोघं, मी बघितल्यापासून पहिल्यांदा, एका बाजूला झाले.

“नाही,” एलरॉय म्हणाला. “हा कुणी ठेवत नाही. दोन-चार वर्षांत अडकतो. सगळे काढून बूच मारतात.”

“पन्नास वर्षांचा वॉल्व्ह,” नॉर्ब म्हणाला. “उघडलेला मी आयुष्यात एकही पाहिला नाही. बंदच अडकलेला असणार. असा लावून गेलास तर ती कायम एलरॉयची नळी. आणि पहिल्या गुरुवारी आपण चालतो किती वेगाने? बायका मुलांच्या गाड्या ढकलतात तेवढ्या. रेल्वे फाटकाला थांबलो तर उकळेल.”

“माझी गाडी नाही उकळत,” एलरॉय म्हणाला.

“तुझी गाडी वरातीत असते कुठे? तू तर कायम पावासाठी रांगेत.”

“त्याचं तोंड बंद कर, रोमन. पण वॉल्व्हचं तो बरोबर बोलतोय. उकळली तर बाजूला घ्यावी लागेल. रीत सगळ्यांना सारखी. तुझ्यासाठी कुणी बदलणार नाही.”

मी घरी आलो आणि वॉल्व्ह काढून स्वयंपाकघरात पातेल्यात उकळावा का असा विचार केला. पण तो इतका घट्ट होता की पान्याने पितळ सोलायला लागलं. तुटला असता तर दुसरा कुठून आणणार? गॅरेजात गाडी अर्धा तास चालवून बघितली. दार उघडं, एप्रिलची हवा थंड, तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या वर जाईना. एमचं दार बंदच राहिलं.

तेव्हा माझ्यापाशी खूण होती आणि दोन माहीतगार माणसांचं मत होतं. माणसांचं मत मला बरोबर वाटत होतं. पण मी त्यांच्या डोक्यातली गाडी लावत नव्हतो. शेवटच्या तीन नळ्या मी पट्ट्यांवरूनच नेल्या, तिन्ही अक्षरांना, एमलासुद्धा. वरून हवेचा डबा बसवला. दिवे लावले. उजवं झाकण वर गेलं, मग सावकाश डावं. मी बंद केले आणि पुन्हा लावले. असं सात-आठ वेळा केलं असेल.

मेच्या पहिल्या गुरुवारी ऊन कडक होतं, त्या दिवसांत असतं त्यापेक्षा जास्त. मी बाहेर पडलो तर फुटपाथवर नॉर्ब उभा.

“माझा क्लच गेलाय,” तो म्हणाला. “तुझ्याबरोबर येतो. शेजारी कुणी बसायला रीत नाही म्हणत नाही.”

“खिशात काय आहे?”

“काही नाही.”

“नॉर्ब.”

त्याने हातभर नळी आणि एक कात्री बाहेर काढली. “पेट्रोल पंपाच्या आवारात वळलास तर दीड मिनिटात बदलून देतो. गाडी बाजूला घेतल्यासारखं कुणाला वाटणारही नाही.”

“एलरॉय मागेच आहे. त्याला वाटेल.”

आम्ही संध्याकाळी सव्वासहाला निघालो. मी पुढे, मागे एलरॉयची लाल गाडी, त्यामागे चाळीस-एक. मेन स्ट्रीटवर लोक उभे होते. काहींनी टोप्या काढल्या. डेल्फिनच्या दुकानातली माणसं काउंटरवरचा निळा अंगरखा घालून दारात आली होती. मला वर बघायचं नव्हतं म्हणून मी काट्याकडे बघत होतो. काटा मधल्या खुणेवरून निघाला होता.

वॉशिंग्टन स्ट्रीटच्या फाटकाला घंटा वाजायला लागली आणि दांडा खाली आला. मालगाडी होती. डबे हळूहळू जात होते आणि संपायचं नाव नव्हतं. मग मालगाडी तशीच थांबली, मधल्या मधे.

“अरे देवा,” नॉर्ब म्हणाला.

आम्ही उभे राहिलो. बॉनेटवरची हवा थरथरत होती. काटा पाऊण खुणेवर गेला, मग त्याच्याही वर. इंजिन जड आवाजात चालत होतं.

“बंद कर,” नॉर्ब म्हणाला.

“एवढ्या तापलेल्याला बंद केलं तर परत सुरू होईल?”

त्याने काट्याकडे बघितलं. “मग डावीकडे घे. पंप समोर आहे. रोमन, ऐक माझं. डोकं फुटलं इंजिनाचं तर ही गाडी परत कधीच चालायची नाही. तिने बांधलेलं इंजिन आहे. रीत गेली खड्ड्यात.”

तो बरोबर बोलत होता. मी चाक डावीकडे फिरवलंसुद्धा. मागे एलरॉयने थोडी जागा सोडली. त्यालाही ती थरथरणारी हवा दिसली असावी. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. जडपणा गेला. आवाज वर चढला आणि तिथेच स्थिर राहिला, हलका आणि भरभर. पुढे पंखा जोरात फिरायला लागल्याचं ऐकू आलं.

“पाय काढ पेडलवरून,” नॉर्ब म्हणाला.

“पाय ब्रेकवर आहे.”

त्याने वाकून माझ्या पायांकडे बघितलं. दोन्ही बघितले. मग काचेतून बॉनेटकडे बघत राहिला, जणू आरपार दिसेल.

“उघडला,” तो म्हणाला. “लेका, उघडला तो!”

मला मात्र दुसरंच काहीतरी समजत होतं. याच फाटकापाशी, उन्हाळ्यात, शेजारच्या सीटवर बसून मी हा आवाज ऐकला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा. गाडी उभी, आणि मध्येच आवाज वर. मी डेल्फिनला म्हणायचो, “घाई कशाला करतेस, तू पेडल दाबून मालगाडी लवकर जाणार आहे का?” ती म्हणायची, “मी काही केलेलं नाही.” मी म्हणायचो, “मग काय गाडी आपणहून करते?” ती म्हणायची, “हो.” मला वाटायचं ती चेष्टा करते. त्यावर मी हसायचो, आणि ती खिडकीबाहेर बघायची. बावीस वर्षं ती मला सरळ उत्तर देत होती.

मी चाक पुन्हा सरळ केलं.

“काटा बघ,” नॉर्ब म्हणाला. काटा केसाएवढा मागे आला होता. मग आणखी थोडा. “हा वॉल्व्ह तिने कुठून शोधून काढला असेल? नवा तर मिळत नाही. जुने किती उकळून बघितले असतील एक चालणारा सापडेपर्यंत?”

“माहीत नाही.”

“पन्नास तरी असतील. आणि एका शब्दाने बोलली नाही. मी तिला दर गुरुवारी विचारायचो, रोमन. दर गुरुवारी. नळी कुठे लावतेस?”

“काय म्हणायची?”

“म्हणायची, दोघंही बरोबर आहात, आता पाव खा. मला वाटायचं टाळते.” त्याने कात्री आणि नळी खिशात परत कोंबली. “एलरॉयला मी नाही सांगणार. तू सांग.”

मालगाडीला झटका बसला आणि डबे पुन्हा हलायला लागले. शेवटचा डबा गेला, दांडा वर उचलला गेला. मागून एलरॉयने हॉर्न दिला. मी ब्रेक सोडला आणि गाडी रुळांवरून पुढे घेतली.